नाव न छापलेली बाटली

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय नाकतोड्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. यांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. खरं तर गुडघा कमी, हेच जास्त कुरकुरतात. तुमच्याकडे सगळे मजेत असतील.

तू पाठवलेली नमुन्याची बाटली कधीच पोचली. उत्तराला उशीर झाला, पण आधी कामाचं सांगते. कंपनीने सिंगल माल्ट व्हिस्कीची नवी पिंपं विकत घेतली आहेत आणि अट नेहमीचीच: बाटल्या भरा, विका, पण ती गाळणाऱ्या डिस्टिलरीचं नाव छापू नका. म्हणून लेबलवर नुसतं 'एका बेटावरची'. मग गिऱ्हाइकं येऊन ओळखायला बसतात. परवा एक निवृत्त न्यायाधीश आले, घोट घेऊन डोळे मिटले आणि अशा थाटात निकाल दिला की तो चुकला आहे हे सांगायची माझी छाती झाली नाही. तू असतास तर नुसत्या वासावर सांगितलं असतंस. मी पगार घेऊन नाक चालवते आणि तू हौसेने, तरी दोघांत खरं नाक तुझंच.

निदान होतं.

तुझ्या चिठ्ठीत होतं, 'ताई, ओळख पाहू कुठली. पिकलेलं सफरचंद, मध, शेवटी मेणाचा हलका वास. महिनाभर पुरवून पुरवून पितोय.' मी झाकण उघडलं आणि मान मागे घेतली. भिजून कुजलेला पुठ्ठा. बुरशी धरलेलं तळघर. बूच सडलं की व्हिस्कीला हा वास लागतो, आणि तो नवख्यालाही कळतो. सफरचंद नाही, मध नाही, काहीच नाही.

आधी वाटलं, माझंच नाक गेलं. बाटली घेऊन खाली पिंपोबाकडे गेले. बाटल्या भरणाऱ्या म्हाताऱ्याला आम्ही असं म्हणतो.

"हे कोणी दिलं?"

"भावाने."

"पितो हे?"

"आवडीने पितोय म्हणे."

"मग सर्दी झाली असेल त्याला," असं म्हणून त्याने ती बेसिनमध्ये ओतली आणि नळ सोडला.

त्या सर्दीला मी बरेच दिवस धरून राहिले. शेवटी वहिनीला सहज म्हणून फोन केला. "सर्दी? छे, ठणठणीत आहेत," ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि तुझी चिठ्ठी पुन्हा काढून बसले. तेव्हापासून एकेक गोष्ट आठवते आहे.

सुट्टीत मी तुझ्याकडे आले होते, तेव्हाचं आठवतं? आपण भावंडं स्वयंपाकघरात बसलो होतो. मी आंघोळीला गेले आणि वहिनी बाहेरून ओरडतच आली. गॅस चालू, ज्योत विझलेली, घरभर वास, आणि तू शेगडीशेजारी ग्लासात नाक घालून बसलेला. केवढे हसलो आपण! माल्टच्या नादात गडी स्वर्गात जायचा, असं मीच म्हणाले. आता ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

आणि तुझं अक्षर. चिठ्ठी चष्म्यानेसुद्धा वाचवेना. ओळ सुरू होते तेव्हा बरी असते, शेवटाकडे मुंग्यांची रांग होते. स्टेशनवर सोडायला आलास, तर चालताना उजवा हात अंगाला चिकटलेला. खिशात काही सांभाळतोयस असं वाटलं मला.

बाबांचं दूध करपायचं, आणि ते तिथेच पेपर वाचत असायचे. आई म्हणायची, माणसाचं घरात लक्षच नाही. हात थरथरायला लागले ते कितीतरी नंतर. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, वास आधी जातो. तू लहान नव्हतास, तूही ऐकलं होतंस.

त्या आजाराचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर खरं होईल अशी भीती वाटते. माझं चुकलं असेल तर पोटभर शिव्या घाल, मी पेढ्यासारख्या खाईन. पण डॉक्टरकडे जा. वहिनीला घेऊन जा. एकटा जाऊन एकटाच परत येऊ नकोस.

वाट पाहते आहे.

तुझी ताई


दि. २७ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न.

तुझं चुकलेलं नाही.

वर्ष होऊन गेलं, ग्लास माझ्याशी बोलत नाही. मी रंग बघायचो, किंमत बघायचो, शेजारचा काय म्हणतो ते ऐकायचो आणि जुन्या आठवणीतले वास लिहायचो. मध्यंतरी मित्रांच्या बैठकीत असाच अंदाज ठोकला आणि डिस्टिलरी बरोबर निघाली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला घाम फुटला होता. बाबांचं मला पहिल्या दिवसापासून आठवत होतं. म्हणूनच डॉक्टरकडे गेलो नाही.

तुझं पत्र आधी लपवलं. मग हिच्या हातात दिलं. हिने उभ्यानेच वाचलं आणि म्हणाली, "चप्पल घाला."

डॉक्टरांनी बोटं आपटायला लावली, मूठ उघडझाप करायला लावली, बाहेरच्या बोळात चालायला लावलं. मग म्हणाले, कंपवात. सुरुवात आहे. बाबांच्या वेळेपेक्षा औषधं बरी आहेत, पुष्कळ वर्षं चांगली जातील. ही प्रश्न विचारत होती. मला मात्र आई बाबांच्या शर्टाची बटणं लावायची तेव्हाचा बाबांचा चेहरा दिसत होता. ते तिच्याकडे कधी बघायचे नाहीत. ताई, मला फार भीती वाटते. हे हिला अजून सांगितलेलं नाही, पण हे पत्र टाकायला तीच जाणार आहे, तेव्हा वाचेलच.

आता माझं एक ऐक. बाबा माझे एकट्याचे नव्हते. झाकण उघडल्यावर तुला पहिल्यांदा वाटलं, आपलंच नाक गेलं. ते नुसतंच वाटलं, की आधीही कधी वाटलं होतं? तुला सगळे वास येतात ना? रोजचे, साधे? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

उत्तर लगेच दे.

तुझा पाठचा