आठ फुटांची खिडकी

१४ डिसेंबर
कापसाचे पाचवे गाठोडे दादाने खिडकीपाशी रिकामे केले. काचेतून दिसणारा टेकडीचा पायथा गेला. पुढच्या गाठोड्यात पळसांची रांग जाईल.
खरेदी बंद. भाव येईपर्यंत कापूस समोरच्या खोलीत, गावभर हेच. पण ही खोली मी बांधली ती बाबांसाठी. आठ फुटांची खिडकी, खाली त्यांची खाट. पाय गेल्यापासून शेत त्यांच्याकडे येते ते इथूनच.
खाट मागच्या खोलीत हलवली.

१६ डि.
दादा कापूस तुडवतो, काच कुरकुरते. म्हणतो, भिंत असती तर छतापर्यंत रचला असता. खिडकी बुजवायची. विटा आणल्यासुद्धा. उद्या मिस्त्री.
वहिनी : "घर बांधलं का एसटीचा थांबा?"
मीही हसले. मग नाही म्हटले. कोणी ऐकले नाही.
बाबा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून. आज जेवले नाहीत.

१७ डि.
पहाटेपासून कापूस उपसला. एकटीने, खिडकीपुरता. नाकातोंडात तंतू. खाट परत ओढून आणली. मिस्त्री आला तेव्हा बाबा उशीला टेकून बाहेर बघत होते. दादा दाराशी विटांजवळ जाऊन उभा. मिस्त्री चहा पीत बसला, काय ते ठरेपर्यंत.
बाबा एकदम ताठ.
"अबे, तुरीत रोही शिरले. सात हायेत."
दादाला एकही नीलगाय दिसेना. "कुठी?"
"बोरीच्या डाव्या अंगाले. कायले उभा राह्यला, पळ."
दादा काठी घेऊन सुटला, मागे मिस्त्री. मी खिडकीचे दार उघडले. बाबा खाटेवरून ओरडत होते, नाल्याकडून नको, वरून हाकल. तीन महिन्यांत हा आवाज ऐकला नव्हता. टेकडीपर्यंत गेला असेल. सातही रोही नाल्यापार. तूर वाचली.
मिस्त्री धापा टाकत म्हणाला, बसल्या जागी अशी राखण पाहिली नाही.
दादा बाबांकडे बघत उभा. मग मिस्त्रीला, "राहू द्या खिडकी."
वहिनी : "मंग कापूस का माह्या डोक्स्यावर ठेवता?"
बाबांनी दोन भाकरी खाल्ल्या.

१८ डि.
सकाळी उठले तर अर्धा कापूस दादा-वहिनीच्या खोलीत. वहिनी माझ्याशी बोलत नाही. बाबांनी चहा खिडकीशी घेतला. विटा दाराशीच आहेत.