पुढची चाकं क्योतोला, मागची शिझुओकाला

क्योतो, २४ फेब्रुवारी २०१८

ती. स्व. ताईस,
काझुनोरीचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. तांदळाच्या दाण्याहून लहान अशी एक पोलादी क्लिप काल दुपारी चिमट्यातून निसटली, कपाटावर टणकन आपटली आणि तातामी चटयांच्या सांध्यात अंतर्धान पावली. चोपन्न वर्षांचा संस्कृतचा प्राध्यापक चटईला गाल लावून, टॉर्च घेऊन तिचा शोध करत होता. बाबा कोतात्सूच्या, त्या रजई घातलेल्या मेजाखालच्या शेगडीच्या, उबेत पाय घालून, संत्रं सोलत हे पाहत होते. मदत दूरच राहिली, त्यांनी एक फोडसुद्धा पुढे केली नाही.

तू म्हणालीस म्हणून हा रिमोटच्या रेसिंग बग्गीचा संच आणला. आयुष्यभर ज्यांनी अशाच गाड्यांचे साचे घासले, त्यांच्यापुढे सुटे भाग मांड, जीभ आपोआप सुटेल, असं तुझं म्हणणं. अजून सुटलेली नाही. आई गेल्यापासून आम्हा दोघांत जे बोलणं झालं, ते एका पोस्टकार्डावर मावेल.

तू मागची दोनच चाकं ओढणारी साधी गाडी घे म्हणाली होतीस. पण चारही चाकं ओढणाऱ्या एका बग्गीच्या खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि पाय निघेना. ती धुळीतून अशी झेपावत होती की मला आबे नदीचं कोरडं पात्र दिसलं, आणि त्यात रविवारी सकाळी गाडी उडवणारी, केसांत धूळ भरलेली तू. कंपनीने जुनीच गाडी पुन्हा बाजारात काढली आहे म्हणे, साचे तेच. पुस्तिकेत मात्र नुसती चित्रं आणि बाण. भाष्याविना सूत्रं! टीकाग्रंथांवर पोसलेल्या माणसाने काय करावं?

फोनवर तू 'सगळं ठीक' एवढंच म्हणतेस, म्हणून पत्रातून विचारतो, कशी आहेस?

लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नये, ही वि.
तुझा काझुनोरी

*

शिझुओका, २७ फेब्रुवारी

चि. काझुनोरीस,
मित्सुएचे अनेक आशीर्वाद.

क्लिपचं सुतक किती दिवस पाळणार आहेस? पिशवीचा तळ चाचपून बघ, एखादी जास्तीची असते. यापुढे हात पारदर्शक पिशवीत घालून क्लिप बसव, म्हणजे उडाली तरी पिशवीतच राहील.

शेवटी चार चाकांचीच घेतलीस! हरकत नाही. तिला पुढे एक आणि मागे एक अशी, मोटरचा जोर चाकांना वाटून देणारी दोन डिफरन्शियल असतात. बसवताना मोठं दातेरी चाक कोणत्या बाजूला येतं ते नीट बघ. तू बघणार नाहीस, तरी सांगते.

माझं ऑपरेशन वीस मार्चला ठरलं. हृदयाची एक झडप बदलायची, डॉक्टर रोज बदलतात. तुम्ही दोघांनी यायचं नाही. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी बाबा कारखान्यात होते, हे तू अजून त्यांना माफ केलेलं नाहीस. दवाखान्याच्या बाकावर तुम्हाला शेजारी शेजारी बसवलं, तर मला भूल चढायची नाही.

बाबांना गार वाऱ्यात नेऊ नकोस.
तुझी ताई

*

क्योतो, ७ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

शॉकअॅब्सॉर्बरमध्ये तेल भरल्यावर बुडबुडे वर येईपर्यंत थांबावं लागतं, हे तुला ठाऊकच आहे. मला नव्हतं. चार नळ्या खिडकीत ओळीने उभ्या केल्या. बाबा शेजारी येऊन बसले. बाहेर उशिराचा बर्फ वितळत होता, आणि त्या तेलात एकेक बुडबुडा असा सावकाश वर चढत होता, जणू त्याला कुठे जायचंच नाही. आम्ही तासभर नुसते पाहत होतो. किती वर्षांनी एकाच वस्तूकडे एकत्र पाहिलं, याचा हिशेब मला लागला नाही. मध्येच ते म्हणाले की घाई केली तर गाडी उड्या मारते. पोस्टकार्डावर एक ओळ वाढली.

काल गाडी पुरी झाली. कामो नदीच्या काठी नेली, कळ दाबली. गाडी जागच्या जागी गुरगुरली आणि थरथरत उभी राहिली. पुढची चाकं क्योतोला निघाली होती, मागची शिझुओकाला. मागचं डिफरन्शियल मी उलटं बसवलं होतं. बाबांनी ते बसवतानाच पाहिलं होतं. मग बोलला का नाहीत, विचारलं तर म्हणाले, तू विचारलं नाहीस. आणि ताई, ते हसले. डोळे पुसावे लागले इतके.

कृपा आहेच, ती असू द्यावी.
काझुनोरी

*

शिझुओका, १० मार्च

चि. काझुनोरीस अ. आ.

बाबा हसले हे वाचून मी ते पत्र दोनदा वाचलं. पण सबंध पत्रात माझ्या ऑपरेशनचा एक शब्द नाही, तेव्हा पुन्हा बजावते, यायचं नाही. त्या दिवशी संध्याकाळी नर्स फोन करेल.

ताई

*

क्योतो, १४ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

डिफरन्शियल उलटवायला गाडीची मागची बाजू खोलली. सस्पेन्शनचा दांडा सुटा झाला, तसा बाबांनी तो उचलून उजेडात धरला आणि त्याच्या आतल्या बाजूवरून नख फिरवलं. तिथे केसाएवढी रेघ उठलेली आहे. साच्यावर ओरखडा पडला की प्रत्येक भागावर ती उमटते म्हणे. म्हणाले, ही माझी. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांची कानस निसटली होती. आतली बाजू, कोणाला दिसतंय, म्हणून मुकादमाने साचा तसाच पुढे सोडला.

मग ते सांगत राहिले. आईनेच त्यांना घालवलं होतं. बाकावर बसून असा चेहरा करू नका, कामाला जा, संध्याकाळी या, असं ती म्हणाली. ते गेले. संध्याकाळ तिने पाहिली नाही. हे इतकी वर्षं मला का सांगितलं नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तिने सांगितलं खरं, पण गेलो मीच ना?"

आज सकाळी गाडी धावली. काठावर धुकं होतं. रिमोट बाबांच्या हातात होता. गाडी धुक्यात शिरायची, नुसता आवाज उरायचा, आणि कितीतरी वेळाने ती भलत्याच ठिकाणाहून परत यायची. आम्ही दोघं काही न बोलता उभे होतो, आणि या खेपेला त्या न बोलण्यात काही अडकलेलं नव्हतं.

घरी आल्यावर बाबांनी कपडे भरायला घेतले. या वेळी कोणी घालवलं तरी जाणार नाही, म्हणतात. एकोणीस तारखेच्या सकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. वडील बहिणीची आज्ञा मोडतो आहे, क्षमा असावी. बाकावर आम्ही शेजारीच बसू.

बाबांना काय वाटतं ते त्यांनी सांगितलं. मी अजून सांगितलं नव्हतं. ताई, तूही आम्हाला घालवते आहेस, आणि आईसारखी तुलाही ती संध्याकाळ दिसली नाही तर काय करायचं, या विचाराने पंधरा दिवस मला झोप नाही. मला फार भीती वाटते आहे.

तुझा काझुनोरी