चिमण्यांसाठी टांगलेली कणसे

आबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षे झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला उद्देशून एक ओळही लिहिली नाही. आज लिहितो आहे, कारण शेवगावजवळच्या आपल्या घरात, चुलीशेजारी, ओल्या गोणपाटात मी ज्वारीचे काही दाणे गुंडाळून ठेवले आहेत आणि ते उघडून पाहण्याचे धैर्य मला होत नाही. आज तिसरा दिवस. हस्ताची पेरणी तोंडावर आली आहे. या दाण्यांना मोड आले नसतील, तर तुम्ही जन्मभर राखलेले बी संपले. आणि ते मी संपवले, एवढे विधान मला कोणत्याही पुराव्याने खोडता येणार नाही.

तो दिवस मला स्पष्ट आठवतो. खळ्यावर कणसांचा ढीग आहे, तुम्ही उकिडवे बसून बियाण्याची कणसे बाजूला काढत आहात, आणि मी तर्कशास्त्राची पदवी घेऊन नुकताच नगरहून आलो आहे. तुमच्या टोपलीत एक कणीस घट्ट, एक विरळ, एक मान वाकलेले, एक इतरांच्या आधीच पिकून गेलेले. मी म्हणालो, की ज्यांना आपण एक नाव देतो त्यांच्यात एक समान लक्षण असायला हवे. ते इथे नाही, म्हणून हे वाण नव्हे, ही सरमिसळ आहे. तुम्ही मान वर केली नाही. ‘आसंल,’ म्हणालात. ‘पन साल एकसारखं येतं व्हय? एखाद्या साली पानी आधीच पळतं. तवा ही वाकडीच दोन घास देती.’ हा पुरावा नव्हे, असे मी म्हणालो. ‘न्हाई तर न्हाई. टोपली उचल.’

तुमच्या मागे ही निवड माझ्याकडे आली. दर माघात मी सावेडीच्या शाळेतून रजा काढून यायचो, भरलेली, घट्ट, सरळ कणसे तेवढी बियाण्याला ठेवायचो आणि बाकीची बाजूला टाकायला सांगायचो. काही सालांतच शेत फूटपट्टीने आखल्यासारखे दिसू लागले. लोक बांधावर थांबून पाहत, आणि मला त्याचे समाधान वाटे. बहात्तरच्या साली पेरणीपुरता ओलावा झाला आणि पुढे पाऊस फिरकलाच नाही. आपल्या ज्वारीची सगळी ताटे एकाच वेळी निसवणार, कणसे बाहेर काढणार होती. ती एकाच वेळी, कणीस पोटरीत, पानाच्या आवरणात असतानाच वाळली. लवकर येणारे एकही ताट त्यांत उरले नव्हते. गाडग्यातले राखेत ठेवलेले बी आम्ही त्या उन्हाळ्यात दळून खाल्ले. माझी चूक आज मला दिसते. वाणाचे लक्षण मी कायमचे मानले, आणि ते तर दर साली थोडे बदलत, काही गमावत, काही राखत पुढे सरकणाऱ्या एका गोष्टीचे त्या क्षणीचे रूप होते. सगळी सारखी झाली, तेव्हा सरकायला जागाच राहिली नाही. तुम्ही मला माळावर दाखवलेला माळढोक कधी दिसेनासा झाला, ते मला सांगता येत नाही. शेवटचा पक्षी जाण्याच्या फार आधी त्या जाण्याला सुरुवात झालेली असते आणि ती पाहायला कोणी बसलेले नसते. इथे मात्र मी बसलो होतो, टोपली घेऊन.

परवा, हे घर सांभाळणाऱ्या आत्याने ओसरीच्या वाशांकडे बोट केले. मी टाकून दिलेल्या कणसांतली मूठभर ती दर साली चिमण्यांसाठी तिथे टांगत आली, हे मला ठाऊकच नव्हते. ‘मास्तर, तुझी नापास पोरं तितं हायती,’ ती म्हणाली. चिमण्यांनी ती खाल्ली कशी नाहीत, असे मी विचारले. ‘दुस्काळात चिमण्या तरी कुटं ऱ्हायल्या?’ मग आपण तरी ती का दळली नाहीत? यावर ती म्हणाली, ‘ती आपली हुती व्हय? चिमण्यांची हुती.’ त्याच कणसांचे दाणे मी गोणपाटात गुंडाळले.

इथवर लिहिले आणि ती चुलीपाशी येऊन उभी राहिली. ‘उघड की. बघितल्यानं मरतंय व्हय?’ मी गोणपाट उलगडले. बहुतेक दाणे काळे पडून मऊ झाले आहेत. थोड्यांना मोड आहेत. काही लांब, काही नुसते टिचलेले. विहिरीजवळच्या एका वाफ्यात ते मावतील. त्यांतले किती कणसापर्यंत पोचतील, आणि तुमच्या टोपलीतले काय काय त्यांत शिल्लक असेल, याचा अंदाज मला करता येत नाही. आत्या वाफ्यासाठी पाणी आणायला वळली, तेव्हा माझा हात लांब, सरळ मोडांकडे गेला आणि आखूड, वाकडे मोड मी कडेला सारू लागलो. ध्यानात आल्यावर ते परत मिसळले. तिने पाहिले नाही. तुम्हाला सांगतो आहे, ते हा कागद कोठेही जाणार नाही म्हणून.