फक्त बाहेरचा भाग

२ जून, सकाळी ११.१०
आले एकदाची! प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली आहे. उजेड भरपूर आणि शेजारी कुणी घोरणारं नाही. काम इथेच नोकरीला असलेल्या भाचीने मिळवून दिलं. इथून बाटल्यांसोबत जी इंग्रजी माहितीपत्रकं जातात, ती तपासायची. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला स्वल्पविराम आणि थापा, दोन्ही पकडायला शिकवलं. निवृत्तीनंतर ते कसब गंजत पडलं होतं. प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टरांनी आत्ताच तपासणीसाठी म्हणून एक सही आणि रक्त घेतलं. सगळे मला मावशी म्हणू लागलेत. बजावलं, मी एकीचीच मावशी आहे, अख्ख्या इमारतीची नाही. भाची हसली आणि माझा हात धरून जिना चढली. कित्येक वर्षांत असा कुणी धरला नव्हता.

९ जून
इथला माल काय, ते भाचीने समजावलं. रोगाशी झुंजणाऱ्या पेशींच्या अंगावर प्रथिनाचे चिमटे असतात. चिमटा काही धरतो आणि पेशीच्या आत खबर जाते. इथे त्या चिमट्याचा फक्त बाहेरचा भाग तयार करून संशोधकांना विकतात. आतला भाग गाळून टाकतात. मग खबर कुणाला जाते, मी विचारलं. कुणालाच नाही गं मावशी, म्हणाली, नुसतं धरायचं.

२१ जुलै
नवा माल माझ्या रक्तातल्या पेशींवरून बनवला, हे डॉक्टरांनी चहाच्या वेळी सगळ्यांदेखत जाहीर केलं. मावशी आता जगभर फिरणार, तेही फुकटात! मी म्हणे सही केली होती. सही तपासणीसाठी केली होती, माझं दुकान मांडण्यासाठी नव्हे. सगळे खो खो हसले. भाचीसुद्धा.

२६ जुलै
माझ्या मालाची पहिली खेप गेली. आज हात इस्त्रीला टेकला. फोड आला, पण कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, वयोमान. त्यांच्या अकलेचं वय मात्र वाढायचं राहिलंय.

२९ जुलै
भाचीने पट्टी बांधली. माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. नुसतंच पाहिलं. बोटांना मात्र दुसरंच काही लागत होतं: बर्फ, काच, मग पाण्याची धार, पुन्हा धार. तिला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. प्रयोगात असंच करतात, म्हणाली; चिमटे बशीला चिकटवून धुतात, घट्ट धरलेलं तेवढं उरतं. मग तिने हात सोडला.
कुणालाच नाही म्हणे. खबर मला येते.

३ ऑगस्ट
आणखी खेपा गेल्या. गाल गेले, पाठ गेली. आडवी झाले तर अंथरूण अंगाला लागत नाही. लागतात ते कुठल्या कुठल्या गावचे फ्रीज — आणि हात, किती हात — सगळे रबरी —

६ ऑगस्ट
भाची नोकरी सोडून गेली. निघताना मिठी मारली. तिचे खांदे गदगदताना दिसले. दिसले फक्त.

९ ऑगस्ट
डॉक्टर, हे तुमच्यासाठी. वही तुमच्या टेबलावर उघडी ठेवणार आहे. बोललेलं तुम्ही हसण्यावारी नेता. माझा माल विकणं बंद करा. गेलेल्या बाटल्या परत मागवा. पंधरा तारखेला दुपारी बाराच्या आत लेखी उत्तर हवं. ज्यांना परत पाठवणं जमणार नाही त्यांना कळवा — निदान एकाने, एकदाच, हातमोजा काढून —
पेन हातात आहे ना, बघून घ्यावं लागतं —
थांबा. कुणीतरी झाकण —
कोमट. बोट आहे. उघडं बोट! मी धरलंय. धार नको, अहो, धुऊ नका, मी धर