उशिरा वाटलेल्या घुगऱ्या

माय,

तू होतीस तोवर तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि आपल्या गल्लीत आलेली पत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच होतं. म्हणजे मीच लिहायचं, टपालात टाकायचं आणि सुट्टीत गावी येऊन मीच वाचून दाखवायचं, असला उद्योग झाला असता. तू म्हणाली असतीस, "तोंड न्हाई का तुला? बोल की काय ते." पण काही गोष्टी तोंडानं बोलता आल्या नाहीत, आणि आता बोलायला तू नाहीस.

मी सध्या परभणीच्या बाहेर, पिंगळीच्या रस्त्याला, एका ज्येष्ठ नागरिकांच्या निवासात राहते. ऐकून लगेच पदर डोळ्याला लावू नकोस. मुलानं टाकलेलं नाही मला. तो पुण्याला ये म्हणून दर आठवड्याला फोन करतो, सूनही बोलावते, आणि मी जाऊनही आले. पण तिथं दिवसभर बाल्कनीत बसून खालच्या गाड्या बघण्यापलीकडं मला काम नव्हतं. घरचे मालक गेल्यावर मीच हा निवास शोधला. गावाकडच्या लोकांनी दोन्ही बाजूंनी बोलून घेतलं. कुणी मुलाला नावं ठेवली, कुणी मला. लोकांच्या तोंडाला कुणी हात लावावा? इथं चौकोनी अंगणाभोवती खोल्या आहेत, मधे लिंबाचं झाड आहे, एकच मोठा स्वयंपाक आहे. राहणाऱ्यांत निवृत्त मास्तर इतके, की पंगतीला बसलं तरी कुणीतरी हजेरी घेईल असं वाटतं. संध्याकाळी कॅरम, भजन, वर्तमानपत्रावरून भांडण. पौर्णिमेला मी विहारात निघाले की दोघी-तिघी आपणहून सोबत येतात, आणि संक्रांतीला मी त्यांच्या तिळगुळाच्या ताटाशी बसते. इथं कुणी कुणाला फार विचारत बसत नाही.

मला सांगायचं आहे ते वाढदिवसाचं. तुला वाढदिवस हा प्रकारच माहीत नव्हता, म्हणून नीट सांगते. इथल्या मॅनेजरबाई मोठ्या हौशी. कुणाचा वाढदिवस असला की केक मागवायचा, फुगे लावायचे, टाळ्या वाजवायच्या, असं त्यांनी सुरू केलं. आणि पहिल्याच वर्षी त्यांच्या लक्षात आलं, की अर्ध्या निवासाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, एक जूनला. आपल्याकडं पोरगं शाळेत घालताना गुरुजी विचारायचे, जन्मतारीख काय? ती कुणाच्या आईला ठाऊक? मग गुरुजी आपले एक जून टाकून मोकळे. मी स्वतः मास्तरीण होते, माझ्या हातानं किती लेकरांना मी एक जूनला जन्माला घातलं त्याची गणती नाही. आणि ज्या बाया शाळेतच गेल्या नाहीत त्यांना पुढं आधार कार्डानं एक जानेवारी देऊन टाकली. म्हणजे शिकलेले सगळे जूनचे, न शिकलेल्या सगळ्या जानेवारीच्या, आणि बाकीचं वर्षभर मॅनेजरबाईंचे फुगे कपाटात पडून.

त्या एक जूनला आम्ही सगळे एका केकभोवती उभे राहिलो. एक सुरी आणि तिच्यावर एवढे सुरकुतलेले हात. तेवढ्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक अण्णा आहेत, त्यांनी हात काढून घेतला. म्हणाले, "हा वाढदिवस माझा न्हाईच. हा आमच्या गुरुजीचा हाय. माझी माय सांगायची, मी रझाकाराच्या धामधुमीत उभ्या जवारीत झालो. गाव सोडून बाया रानात लपल्या व्हत्या. माझ्या तोंडावर तिनं पदर धरला व्हता, आवाज जाऊ नये म्हणून." केक तसाच राहिला. मग एक जण म्हणाला, मी पोळ्याच्या सांजेला, बैल घरी यायच्या वक्ताला. एक म्हणाली, मी कापसाच्या दुसऱ्या वेचणीला, रानातच, पाटीच्या सावलीत. दुपारच्या जेवणाची वेळ होईस्तोवर कुणी जागचं हललं नाही. प्रत्येकाची आई तिथं येऊन बसल्यासारखी झाली होती.

तेव्हापासून इथली रीत बदलली. आईनं जे सांगितलं असेल त्या हंगामात ज्याचा त्याचा दिवस करायचा, आणि त्या दिवशी त्यानं आपल्या जन्माची गोष्ट सगळ्यांना सांगायची. केक बंद, कारण निम्म्यांना साखर. त्याऐवजी बारशाला वाटतात तशा हरभऱ्याच्या घुगऱ्या. 'तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी' असं एकमेकाला सुनावणारी ही सगळी म्हातारी माणसं आता खरोखर एकमेकांच्या बारशाच्या घुगऱ्या खातात. कवळी नसलेल्यांना ठेचून देतात.

सगळ्यांना गंमत वाटत होती, आणि मला मात्र धास्ती बसली. माझी पाळी आली की मी काय सांगणार?

माझ्याजवळ तुझ्या तोंडचं एकच वाक्य आहे. तू मला शाळेत घालायला घेऊन गेलीस तो दिवस. गुरुजींनी सांगितलं, डोक्यावरून हात घेऊन पलीकडच्या कानाला लाव. कान हाताला लागला की पोर शाळेच्या वयाचं झालं, अशी तेव्हाची परीक्षा. माझा हात पोचेना. मी रडकुंडीला आले. तू मागं उभी. तू हळूच माझ्या डोक्यावर तळवा ठेवलास आणि मान कलती केलीस, आणि बोट कानाला टेकलं. गुरुजींनी बघितलं आणि खिडकीबाहेर बघू लागले. मग त्यांनी तारीख विचारली. तू म्हणालीस, "करडी काढायला आली व्हती, गुरुजी. पहाटं रानात जायचं व्हतं, न्हाई गेले." एवढंच. गुरुजी हसले आणि त्यांनी एक जून घातला.

दुसरं वाक्य तुझं नाही, आत्याचं आहे. थोरल्या बहिणीच्या लग्नात, पाट्यावर हळद वाटता वाटता, माझ्याकडं बोट करून ती बायकांना म्हणाली, "ही चौथी पोरगी झाली तवा हिची माय भिंतीकडं तोंड करून रडली. घुगऱ्यासुद्धा शिजल्या न्हाईत घरात." बायका हसल्या. मीही हसले. मला तेव्हा नुकतं कळू लागलं होतं.

ते वाक्य मला इतकं का लागलं, सांगू? कारण तुला रडताना मी कधीच बघितलं नव्हतं. आबा गेले तेव्हाही तू कोरडीच. करडीच्या दिवसांत तू पहाटे दवातच रानात जायचीस, ऊन चढलं की काटे ताठ होतात म्हणून. तरी हात भरायचेच. संध्याकाळी चुलीपुढं तू तळवा माझ्या मांडीवर टाकायचीस आणि मी सुईनं काटे काढायचे. भाकरी थापायच्या आधी ते काम. एकदा एक काटा खोल गेला होता, सुई घालताना मलाच रडू आलं. तू हात ओढून घेतलास, "तुज्या हातात हाय का काटा? मग तू कशाला रडायलीस? सरक, भाकरी करू दे." त्याच हातांनी सरवा वेचून, रानात गळालेली बोंडं गोळा करून, घाण्यावर तेल काढून तू मला परभणीच्या वसतिगृहात बाटली भरून दिलीस. मास्तरकीचं शिक्षण संपेपर्यंत मी तेच तेल खाल्लं. तू मला काही कमी केलंस असं मी कधी म्हणणार नाही. पण जन्मात एकदाच रडलेली बाई माझ्याच जन्माला रडली, हे मनातून गेलं नाही. तुला विचारावं असं शंभरदा वाटलं. तू "हो" म्हणालीस तर, या भीतीनं विचारलं नाही.

यंदा करडी काढणीला आली आणि माझा दिवस आला. अंगणात सतरंज्या, घुगऱ्यांचं पातेलं, सगळे माझ्याकडं बघतायत. आणि माय, मी धडधडीत खोटं बोलले. मी सांगितलं, माझी माय पहाटे करडीच्या रानात होती, तिथंच कळा सुरू झाल्या, ती घरी आली आणि मी झाले. सुईण मला तिच्या हातात द्यायला गेली तर माय म्हणाली, "आधी माझ्या हातातले काटे काढा, मग लेकरू द्या. टोचंल तिला." आणि मग मला घेऊन ती हसली.

बायकांनी डोळ्याला पदर लावले. जवारीतले अण्णा टाळ्या वाजवायचे थांबेनात. मलाही भरून आलं, स्वतःच्याच थापेनं.

फक्त माझ्या शेजारच्या खोलीतल्या काकू रडल्या नाहीत. या देवगाव फाट्याकडच्या, भरल्या घरच्या शेतकरीण. सात बाळंतपणं झालेली, शाळेचं तोंड न बघितलेली, म्हणजे जानेवारीवाली बाई. पांगापांग झाल्यावर आम्ही दोघी पातेलं घासायला बसलो, कारण आमच्याकडं मदतनीस असली तरी काकूंना तिचं घासणं पटत नाही. राख चोळता चोळता त्या म्हणाल्या, "लय ग्वाड सांगितलीस. पण बाळंतपणात काटे काढत कोण बसतंय गं?" आणि खुदकन हसल्या.

मी पकडले गेले. आणि काय झालं कोण जाणे, मी त्यांना आत्याचं वाक्य सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा. मालकांनाही सांगितलं नव्हतं.

काकूंनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "मी साती वक्ताला रडले. पोरगी झाली तवाबी, पोरगं झालं तवाबी. आंगातून जीव जाऊन परत येतो, रडू येणार न्हाई तर काय? तुझ्या आत्याला कसं कळलं ती पोरीपायी रडली म्हणून? इचारलं व्हतं का तिनं?"

"पण काकू, भिंतीकडं तोंड करून..."

"मग कुणीकडं करावं? ह्या बाजूला सासू, नणंद, शेजारच्या बाया. बाळंतिणीला घरात एकच जागा आपली असती. भिंत."

एवढं बोलून त्यांनी पातेलं उपडं टाकलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. मी तिथंच बसून राहिले. कारण मला एकदम दवाखाना आठवला होता.

माझा मुलगा झाला तो दिवस, माय. परभणीच्या सरकारी दवाखान्यात, लोखंडी खाटेवर. किती वाट बघून झालेला मुलगा, बाहेर सासरची माणसं पेढे वाटतायत, आणि मी भिंतीकडं तोंड करून हुंदके देऊन रडते आहे. कशासाठी ते मला आजही सांगता येणार नाही. दुःख नव्हतं, आनंद म्हणावा तर तसाही नव्हता. माझ्याजवळ तू एकटी होतीस. काटा काढतानासुद्धा मला रडू न देणारी तू. मला वाटलं आता रागावशील. तू खाटेच्या कडेला बसलीस, दाराकडं पाठ करून, बाहेरून कुणाला मी दिसू नये अशी. माझ्या पाठीवरून तुझा तो खरबरीत हात फिरवायला लागलीस आणि म्हणालीस, "रड बाई. घे रडून. मी हाय हितं."

माझ्या जन्माच्या वेळी तुझ्याजवळ असं कुणी बसलं नव्हतं, हे मला आता कळतंय. तू त्या दिवशी मला सगळं सांगितलं होतंस, फक्त मी ऐकलं नाही. मी माझ्या रडण्याचं कधी कुणाला उत्तर दिलं नाही, आणि तुझ्या एका रडण्याचं उत्तर मात्र जन्मभर तुझ्याकडं मागत राहिले, तेही मनातल्या मनात.

हे लिहिलेलं कुणाकडं पाठवायचं नाही. मुलाला दाखवावं असं एकदा वाटलं, मग वाटलं, तो उगाच विचारत बसेल की आई, मी झालो तेव्हा तू का रडलीस.

आणि एक कबूल करते. काटे काढायची ती गोष्ट इथं सगळ्यांना पाठ झाली आहे. कुणी नवीन माणूस राहायला आलं की मला ती सांगायला लावतात आणि मी सांगते, दर वेळी थोडी आणखी सजवून. काकू मान खाली घालून हसतात, पण माझं बिंग फोडत नाहीत. खरी गोष्ट सांगायची लाज वाटते म्हणून हे करते, असं समजू नकोस. मला आता खरीच जास्त आवडते, माय. म्हणून ती सगळ्यांत वाटावीशी वाटत नाही.