व्याह्यांचा एसी सोडून

९ मार्च, रविवार
पुण्याहून परतलो. हर्षालीचं डोहाळजेवण झालं. थाटात झालं म्हणतात सगळे. मला जिलबी कडक लागली.

जेवणं उरकल्यावर जावई, म्हणजे यज्ञेशराव, बाजूला घेऊन म्हणाले की हर्षालीचं बीपी जरा वर आहे, डॉक्टरांनी उन्हापासून जपायला सांगितलंय, धाराशिवच्या घरात एक एसी बसवा आणि खुशाल घेऊन जा. मी ‘अवश्य’ म्हणालो. तेवढ्यात व्याही सोफ्यावरून हसून म्हणाले, तुमच्याकडे कूलरवरच भागत असेल, नाही का?

जन्म विज्ञान शिकवण्यात गेला आहे. कुठं बोलायचं आणि कुठं करून दाखवायचं हे मला कळतं. निघताना त्यांच्या हॉलमधल्या एसीवरचं नाव तेवढं वाचून घेतलं. नोरिका. म्हणजे नोरिका सोडून काहीही, पण नोरिकापेक्षा वरचढ.

१० मार्च
बायकोनं, अयोध्यानं, माळ्यावरून पाळणा काढला. हर्षालीचाच. धुऊन गच्चीवर वाळत ठेवला. मी म्हणालो, आधी एसी, मग पाळणा. ती म्हणाली, ‘‘आधी पोरगी. एप्रिल सरायच्या आत आणायला पाहिजे. नववा लागला की डॉक्टर प्रवास करू देत न्हाईत.’’

एप्रिल सरायला बक्कळ वेळ आहे. बायकांना वेळेचा अंदाज नसतो.

१२ मार्च
उत्तरेश्वरच्या दुकानात गेलो. माझाच विद्यार्थी, मागच्या बाकावरचा. आता चौकात इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं दुकान आहे, पोटही आहे. काही विचारायच्या आत म्हणाला, ‘‘सर, नोरिका घेऊन टाका. लई चालतंय.’’ मी विचारलं, आवाज किती डेसिबल? म्हणाला, ‘‘सर, फॅनपेक्षा कमीच हाय की.’’ असल्या उत्तराला मी पेपरात भोपळा दिला असता. दिलाही असेल.

कळवतो म्हणून निघालो. जाहिरातींवर विसंबायचं नाही. प्रत्येक ब्रँडचा स्वतः अनुभव घ्यायचा आणि मगच निर्णय.

१९ मार्च
फील्ड वर्क सुरू. बँकेत केवायसीच्या निमित्तानं बसलो. एसी उत्तम, पण केवायसी झालेलं आहे असं पाच मिनिटांत सांगून उठवलं. मग एटीएममध्ये उभा राहिलो. तिथला एसी शीतलॉन कंपनीचा. मशीनसमोर डोळे मिटून गारव्याचा दर्जा तपासत होतो, तर वॉचमन आत आला आणि म्हणाला, ‘‘काका, चक्कर आली का?’’ या गावात संशोधनाला वाव नाही.

घरी आलो तर अयोध्या स्वयंपाकघरात पदर ओला करून मानेवर ठेवून बसली होती. मी तिला एसीचा गारवा मोजायचं माप, बीटीयू, म्हणजे काय ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं असावं.

२४ मार्च
दातांच्या दवाखान्यात एअरोनाचा एसी आहे असं कळलं. पण तो बाहेर नाही, आत खुर्चीपाशी. नाइलाजानं दात साफ करून घेतले. एअरोना थंड करतो, पण एका बाजूलाच. डावा गाल बधिर झाला. अर्थात, ते इंजेक्शननंही असेल. एक दात काढावाच लागेल म्हणाले, तो काढला.

एअरोना बाद.

३० मार्च, गुढीपाडवा
उत्तरेश्वरच्या दुकानापुढं जत्रा. शेजारच्या हणमंतप्पांनी मुहूर्तावर एसी घेतला, ब्रँडसुद्धा न बघता. मी विचारलं तर खोकं उलटंपालटं करून नाव शोधायला लागले. अशा माणसांमुळं देश मागं आहे.

मी मुद्दामच गेलो नाही. गर्दीत अभ्यासू माणसानं खरेदी करू नये. अयोध्यानं गुढीपुढं हात जोडले आणि माझ्याकडं बघितलं. हल्ली ती काही न म्हणता बरंच बोलते.

६ एप्रिल
हर्षालीचा फोन. म्हणाली, ‘‘बाबा, कुठलाही बसवा हो. मला घरी यायचंय. इथं सगळे चांगले आहेत, पण रात्री पाय दुखले तर कुणाला उठवायचं?’’

मी तिला धीर दिला. म्हणालो, कुठलाही बसवायला मी काय हणमंतप्पा आहे? कॉपर कॉइल आणि अॅल्युमिनियम कॉइल यांतला फरक सविस्तर सांगितला. ती बराच वेळ ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘‘ठेवते बाबा.’’ मुलगी समजूतदार आहे. माझ्यावर गेली आहे.

१५ एप्रिल
आज संताप. दुपारी गेटपुढं टेम्पो थांबला. दोन माणसं, मोठं खोकं. अयोध्यानं भिशीचे पैसे आले म्हणून मला न विचारता परस्पर एसी मागवला होता! उत्तरेश्वरशी फोनवर सगळं ठरवून.

खोकं फिरवून बघितलं. नोरिका.

उद्या व्याही नात-नातू बघायला येणार आणि भिंतीवर काय दिसणार? त्यांचाच एसी. म्हणतील, आमचं बघून घेतला. आयुष्यभर म्हणतील. दारातूनच परत पाठवला. टेम्पोवाला म्हणाला, ‘‘गुरुजी, बसवून तर बघा.’’ मी म्हणालो, शिकवू नका.

अयोध्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. म्हणाली, ‘‘तुमाला पोरगी आणायची हाय का व्याह्याला हरवायचं हाय?’’ प्रश्नच चुकीचा होता. हर्षालीला मात्र यातलं काही कळता कामा नये असं बजावलं. म्हणालो, कंपनीकडून माल यायचाय एवढंच सांग.

१६ एप्रिल
अबोला. ताटात भाकरी येते, शब्द येत नाही. पारा चढलेला, दोन्हीकडचा. दात नाही तिथं दुखतंय.

२० एप्रिल
यज्ञेशरावांचा फोन. अडचण असेल तर मीच ऑनलाइन मागवून पाठवतो म्हणाले, उद्या बसेल. मी शांतपणे सांगितलं, लेकीच्या घरचं घ्यायची आमच्याकडं रीत नाही. आम्ही तिच्याकडं पोटभर पाणी पितानाही विचार करतो. ते म्हणाले, बाबा, हे हर्षालीसाठीच आहे. मी म्हणालो, तत्त्व म्हणजे तत्त्व.

फोन ठेवल्यावर ऊर अभिमानानं भरून आला. अयोध्यानं सगळं ऐकलं होतं. हातातली पाट्यावरची चटणी तशीच टाकून आत गेली.

२५ एप्रिल
निर्णय झाला! शीतलॉन. एटीएममध्ये अनुभवलेला. घरी जाहीर केलं. अयोध्या फक्त ‘‘आणा’’ म्हणाली. बऱ्याच दिवसांनी एक शब्द मिळाला.

उत्तरेश्वरकडं गेलो. म्हणाला, ‘‘सर, शीतलॉन संपला. ह्या उन्हात काय ऱ्हातंय? आता नोरिकाचा एकच पीस हाय. तुमच्या दारातनं आलेला.’’ आणि हसला. दुकानातली गिऱ्हाइकंही हसली. शीतलॉन सोलापूरहून मागव म्हणून सांगितलं. मान हलवली त्यानं. वर्गातही अशीच हलवायचा.

३ मे
शीतलॉन आला नाही. आज येईल, उद्या येईल.

अयोध्याच्या फोनवर हर्षाली होती. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. बीपी वाढलंय. आता बाळंतपण पुण्यातच. अयोध्या ‘‘बरं बाई, बरं बाई’’ एवढंच म्हणत होती. मग फोन माझ्या हातात दिला. मी म्हणालो, एसी फायनल केलाय बेटा. पलीकडून ती रडत होती की नेटवर्कचा आवाज होता, नीट कळलं नाही. असल्या फोनवर काही कळत नाही.

पहिलं बाळंतपण व्याह्यांच्या दारात. आमच्या घरात असं आजवर झालेलं नाही. चूक उत्तरेश्वरची आहे.

५ मे
अयोध्या पुण्याला गेली. डिंक, खारीक, बाळंतविडा, हर्षालीची जुनी दुपटी, सगळं बांधून नेलं. एसटीत बसवून दिलं. मी खिडकीशी म्हणालो, शीतलॉन आला की कळवतो. तिनं काच ओढून घेतली.

८ मे
शीतलॉनची ऑर्डर रद्द केली. आता घाई कसली? उलट शांतपणे विचार करता येईल. सोलापूरच्या शोरूमला जाऊन यावं म्हणतो.

गेलो नाही. ऊन फार आहे.

२४ मे
नात झाली. दोघी सुखरूप. यज्ञेशरावांनी फोटो पाठवला. नाक हर्षालीचं. फोटो दोन बोटांनी मोठा करून बघत बसलो. शेजारी हणमंतप्पांना पेढे द्यायला गेलो. त्यांच्या घरात एसीमुळं बरं वाटत होतं, म्हणून जरा जास्त बसलो. ब्रँड बघायचं राहिलं.

४ जून
बारसं. पुण्याला गेलो. एसीबद्दल व्याही विचारणार म्हणून उत्तरं तयार करून गेलो होतो. कुणी विचारलं नाही.

बाळंतिणीच्या खोलीत गेलो. भिंतीवर नोरिका, दुसरा. बंद. त्याच्या फटीत जुनी साडी कोंबलेली. विहीणबाई म्हणाल्या, बाळंतिणीला गार वारं लागू द्यायचं नाही, पहिल्या दिवसापासून बंदच आहे. कोपऱ्यात शेगडी होती. हर्षाली घामानं भिजली होती आणि तिचं डोकं अयोध्याच्या मांडीवर होतं.

नात माझ्या हातात दिली. चटकन रडली. परत दिली. पाळणा भाड्याचा होता, प्लॅस्टिकच्या फुलांचा. आमचा तिकडं गच्चीवर पडून आहे, ऊन खात.

१७ जून
पाळणा माळ्यावर चढवला. एका माणसाचं काम नव्हे. हणमंतप्पांना बोलवावं लागलं.

संध्याकाळी हर्षालीचा फोन. मी गच्चीवर होतो. म्हणाली, ‘‘आई पुढच्या आठवड्यात येतीये. इथं फार राबली. तिला तिकडं जरा गारव्यात निजू द्या. एसी बसला का?’’

बसला, म्हणालो. तोंडातून गेलं.

‘‘कुठला?’’

एवढा अभ्यास केला, पण ऐन वेळी एकच नाव आठवलं. म्हणालो, नोरिका.

ती अगदी हळू म्हणाली, ‘‘मग आईनं आणलेला दारातनं परत का पाठवलात, बाबा?’’

मी हॅलो, हॅलो म्हणालो आणि फोन बंद केला.

रेंज गेली होती असं सांगायचं ठरवलंय. गच्चीवर होतो हे सांगायचं नाही. लग्न ठरल्यावर ती यज्ञेशरावांशी तासन्तास इथूनच बोलायची, पूर्ण रेंजमध्ये.