एझिरा उपदेशकाचे तारण

मी, एझिरा बाफोकुझारा, वय अठ्ठ्याहत्तर, न्याकिशारा गावच्या ख्रिस्ती देवळाचा एकेचाळीस वर्षे उपदेशक, किगेझी, युगांडा, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. उजवा हात आणि पाय गेले आहेत, म्हणून मी सांगतो आणि पाळक फेस्तो लिहितात. माझ्याकडून कोणी हे वदवून घेतलेले नाही.

१. घर, उतारावरचे ज्वारीचे रान आणि दोन्ही गाई माझी मुलगी युनिया हिच्या. मुलीला जमीन कशी, अशी कुरकुर भावकीने करू नये. मला रोज भरवते ती; भावकी फिरकतही नाही.

२. शेजारच्या रानवाल्या झकारियाने बांध सरकवून घेतलेली पट्टी त्यालाच राहू द्यावी. तेवीस वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही, आणि दर रविवारी क्षमेवर बोललो.

३. माझे बायबल पाळकांना. न्यायनिवाड्याच्या वचनांखाली मी तांबड्या रेघा ओढल्या आहेत. पाळकांनी बिनरेघांची वाचावीत.

आता माझ्या मुलाविषयी. ते सांगितल्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत.

योसामू ट्रक चालवायचा. दारू प्यायचा, देवळाची पायरी चढत नसे. १९७१ साली आजारी होऊन परतला, तो थेट देवळात, प्रार्थना चालू असताना. आमच्यात रीत अशी, की तारण झालेल्याने, म्हणजे प्रभूने पापातून सोडवलेल्याने, सर्वांसमोर उभे राहून आपली पापे सांगायची.

मी विचारले, "तारण झालं का तुझं? ऊठ, सांग सगळ्यांना."

"बाबा, उभं राहवत नाही. बसून सांगितलं तर चालेल का?"

कोणीतरी हसले. ते हसू मला झोंबले. "गुत्त्यात उभं राहायला बरे पाय होते तुला!" मी म्हणालो, आणि त्याला बाहेर काढायला लावले.

युनियाने त्याला पाठीवर घेऊन आपल्या घरी नेले. चौथ्या दिवशी ती माझ्या दारात आली.

"बाबा, तो गेला. तुमची वाट बघत होता. म्हणाला, प्रभूला द्यायला माझ्याकडं काहीच नाही. रिकामाच जातोय. त्यानं घेतलं तर घेतलं."

मी म्हणालो, तारण न झालेल्याला देवळाच्या जमिनीत जागा नाही. तिने भावाला आपल्या केळीच्या बागेत पुरले. मी गेलो नाही.

पंधरा वर्षे मला वाटत होते, मी योग्य तेच केले. गेल्या साली झटका आला, वाचाही गेली. पाळक प्रभुभोजन, म्हणजे प्रभूचा देह म्हणून देतात ती भाकर, घेऊन खाटेपाशी आले. मला बसता येईना. एक पाप कबूल करता येईना. आमेनसुद्धा म्हणता येईना. युनियाने माझा जबडा धरून भाकरीचा तुकडा जिभेवर ठेवला. माझ्याकडून काहीच आले नव्हते, तरी प्रभू आला होता. मी आयुष्यभर त्याला माझी सेवा दाखवत राहिलो. रिकामे हात पुढे करायचे असतात, हे माझ्या पोराला कळले होते, आणि मी त्याला देवळाबाहेर काढले होते.

वाचा परतल्यावर मी युनियाला विचारले, "माफ केलंस का मला?"

"अजून म्हणवत नाही, बाबा. पेज गार होतेय, तोंड उघडा."

४. देवळाच्या दाराशी माझ्यासाठी राखलेली जागा, ज्याच्या तारणाबद्दल गावाला शंका असेल अशा पहिल्या मयताला द्यावी. त्याच्या घरच्यांना काही विचारू नये.

५. मला योसामूशेजारी पुरावे, युनियाची हरकत नसेल तर. हा माझा हक्क नाही. ती नको म्हणाली तर कुठेही पुरा. माझ्या सेवेची वर्षे कोणी मोजून दाखवू नयेत.

पाळकांची नोंद: हे वाचून दाखवल्यावर युनिया उठून बागेत गेली. बऱ्याच वेळाने परतली आणि म्हणाली, "जागा अरुंद आहे. केळीची दोन झाडं काढावी लागतील." त्यानंतर एझिरांनी अंगठा उठवला.

डाव्या हाताचा अंगठा: एझिरा बाफोकुझारा
साक्षीदार: येरेमिया काबागांबे, शाळामास्तर, केझिया कोमुहिंबो, सुईण
लिहिणार: फेस्तो तिबेसिग्वा, पाळक
न्याकिशारा, ९ मार्च १९८७